तुम्ही विचारलंत म्हणून: सूर्याची वेळ दाखवणारं घड्याळ मराठवाड्यात चालेल का?

सूर्याची वेळ दाखवणारी, म्हणजे ‘इक्वेशन ऑफ टाइम’ असलेली यांत्रिक घड्याळं पाहिली की हमखास विचारलं जातं: स्वित्झर्लंडचं हे घड्याळ संभाजीनगरात खरं बोलेल का? बोलेल, पण शहराचा हिशेब आपल्याला करावा लागतो.

भारतीय वेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली. संभाजीनगर ७५.३ अंशांवर आहे आणि अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य सुमारे २९ मिनिटं मागे राहतो. लातूरला २४, नांदेडला २१. ही वजाबाकी वर्षभर तीच राहते. बदलतो तो दुसरा फरक, म्हणजेच ‘इक्वेशन ऑफ टाइम’. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, म्हणून सूर्य ११ फेब्रुवारीच्या सुमारास सव्वाचौदा मिनिटं मागे पडतो आणि ३ नोव्हेंबरच्या आसपास साडेसोळा मिनिटांच्या जवळ पुढे जातो. परिणामी संभाजीनगरात माध्यान्ह फेब्रुवारीत १२:४३ ला, तर नोव्हेंबरात १२:१२ ला होते.

घड्याळ फक्त हा दुसरा फरक सांभाळतं. त्यासाठी काजूच्या आकाराचा एक कॅम, म्हणजे वेड्यावाकड्या कडेची चकती, वर्षातून एक फेरी घेतो. त्याच्या कडेवर बारीक स्प्रिंगने दाबलेलं एक बोट टेकलेलं असतं. कड आत-बाहेर होते तसं बोट सरकतं आणि त्याला जोडलेला दातेरी कमानीचा तुकडा काटा फिरवतो. साध्या घड्याळात हा काटा वेगळ्या पट्टीवर ‘इतकी मिनिटं अधिक-उणे’ दाखवतो, बेरीज आपली आपण. ब्लाँपँ आणि ब्रेगे या स्विस कंपन्यांच्या अनुक्रमे २००४ च्या आणि २०१७ च्या घड्याळांत मात्र सूर्याचा स्वतंत्र मिनिटकाटा आहे. तिथे डिफरेन्शियल गिअर नेहमीच्या मिनिटांची गती आणि कॅमची दुरुस्ती एकत्र करतो. माझ्या मते खरी करामत हीच. पट्टीचं घड्याळ उपयोगी आहे, पण सूर्याचा काटा डोळ्यांसमोर चालताना दिसणं वेगळं.

बिघाड बहुधा कॅम आणि तारीख एकमेकांपासून सुटल्याने होतो. घड्याळ महिनाभर बंद राहिलं आणि कॅम मागेच राहिला, तर २५ डिसेंबरला शून्याऐवजी तेरा मिनिटांची चूक दिसते. तपासायचं असेल तर तोच आठवडा निवडा. तेव्हा फरक रोज सुमारे ३० सेकंदांनी बदलतो, म्हणून तीन दिवसांची चूकही दीड मिनिटाने उघडी पडते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तपासाल तर तीच चूक काही सेकंदांत लपून जाते. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान मात्र तारखेची बटणं दाबू नका. तारखेचे दाते तेव्हा गुंतलेले असतात आणि तुटू शकतात.

पडताळा घ्यायला जमिनीवर उत्तर-दक्षिण रेघ आखा आणि तिच्या दक्षिण टोकावर ओळंबा सोडा. दोऱ्याची सावली रेघेवर आली की माध्यान्ह. मेच्या तिसऱ्या आठवड्यात हे जमत नाही, कारण सूर्य माथ्यावर येऊन सावलीच नाहीशी होते. संभाजीनगरात तेव्हा सुमारे १२:२५ झालेले असतात.

काही घड्याळांत सूर्योदय-सूर्यास्ताचे काटेही असतात, आणि तिथे जपून. त्यांचे कॅम अक्षांशावर कापलेले असतात. जिनिव्हासाठी कापलेला कॅम डिसेंबरात आपल्याकडचा दिवस दोन तासांहून जास्त आखूड दाखवेल. म्हणून जुनं घड्याळ घेताना आपल्या शहराचा कॅम बसवून मिळतो का, हे आधी कंपनीला विचारा.