मराठी प्रबंधाचा लाटेक-साचा : अक्षरी पृष्ठांक, तिरपा टाइप आणि ‘ळ’ची जागा

आतेबहिणीच्या पीएच.डी. प्रबंधासाठी लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पाने जुळवणाऱ्या प्रणालीत, साचा तयार करण्याचे काम हौसेने अंगावर घेतले, त्याला आता दीड महिना झाला. बुक क्लास (पुस्तकाची मांडणी), झीलाटेक (युनिकोड फॉन्ट चालणारी लाटेकची आवृत्ती), पॉलीग्लॉसिया (भाषा व फॉन्ट सांभाळणारे पॅकेज, म्हणजे पूरक संच) आणि देवनागरीसाठी मुंबई आयआयटीचा शोभिका हा फॉन्ट, असा पाया ठरला आहे. बांधणीसाठी डावीकडे दीड इंच व इतर तिन्ही बाजूंना एक इंच समास जॉमेट्री पॅकेजने मिळतो. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र फाइलमध्ये ठेवून इन्क्लूडओन्ली ही आज्ञा वापरल्यामुळे एकाच प्रकरणाचे संकलन (फाइलपासून छापील पाने तयार करणे) करता येते आणि इतर प्रकरणांचे संदर्भ-क्रमांकही जागेवर राहतात. इथवर फारसा त्रास झाला नाही.

त्रास सुरू झाला तो पृष्ठांकांपासून. मराठी पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांवर ‘पाच’, ‘सहा’ असे अक्षरी अंक छापण्याची जुनी रीत आहे, आणि फ्रंटमॅटरचे (मुख्य मजकुराआधीच्या पानांचे) रोमन अंक मराठी प्रबंधात मला तरी उपरे वाटतात. म्हणून इफकेस (संख्येनुसार यादीतला पर्याय निवडणारी आज्ञा) वापरून अक्षरी अंकांची आज्ञा लिहिली. पण पहिल्याच पानावर ‘दोन’ उमटले. इफकेसची मोजणी शून्यापासून होते, याचा मला विसर पडला होता. ‘एक’च्या आधी रिकामे घर सोडताच क्रम सुधारला. त्यानंतर अनुक्रमणिकेतील ‘एकोणीस’ ठरलेल्या जागेत मावेना, कारण पृष्ठांकासाठी तेथे १.५५ एम (एम हे टाइपाच्या आकारावर ठरणारे माप) एवढीच रुंदी राखलेली असते आणि ती अंकांच्या हिशेबाने असते. ही रुंदी ठरवणारे पीनमविड्थ ४ एम केल्यावर ओळी समासात आल्या.

दुसरा प्रश्न ग्रंथनामांचा होता. संदर्भसूची तयार करणारे बिबलाटेक हे पॅकेज पुस्तकाचे शीर्षक तिरप्या टाइपात मांडते, पण शोभिकामध्ये साधा आणि ठळक असे दोनच प्रकार असल्याने लॉगमध्ये (संकलनाच्या नोंदींच्या फाइलमध्ये) केवळ एक सूचना येते आणि छापील पानावर शीर्षक सरळच राहते. फेकस्लँट हा फॉन्टचा पर्याय वापरून अक्षरे कृत्रिम रीतीने तिरपी करून पाहिली. शिरोरेखा आडवीच राहते आणि खालची काना-वेलांटी मात्र एका अंगाला झुकते, हे दृश्य मला पाहवले नाही. शेवटी मराठी नोंदींतील शीर्षके एकेरी अवतरणचिन्हांत घेतली. इंग्रजी नोंदींना लँगआयडी (नोंदीची भाषा सांगणारी खूण) देऊन टेक जायर टर्मिस या फॉन्टकडे वळवले, त्यामुळे तेथे तिरपा टाइप आपोआप मिळतो. पुढे संदर्भसूचीत संकेतस्थळांचे पत्ते येताच पॉलीग्लॉसियाने देवनागरीसाठी टाइपरायटर वळणाचाही फॉन्ट मागितला. त्या नावाने शोभिकाच जोडून दिला आणि विषय संपवला.

संदर्भसूचीचा अकारविल्हे क्रम हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. युनिकोडच्या सर्वसाधारण क्रमानुसार ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो आणि ‘क्ष’ हे ‘क’मधील एक जोडाक्षर ठरते, त्यामुळे काळे हे काशीकरांच्या आधी आले आणि क्षीरसागर खऱ्यांच्या वर जाऊन बसले. आपल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ असा शेवट आहे. बिबलाटेकच्या सॉर्टलोकेल या क्रमाची भाषा ठरवणाऱ्या पर्यायात मराठीचा संकेत स्पष्टपणे दिल्यावर बायबरने (सूचीचा क्रम लावणाऱ्या प्रोग्रामने) काळ्यांना काशीकरांच्या खाली आणि क्षीरसागरांना सूचीच्या तळाशी नेले. ज्यांनी हे पूर्वी वर्डमध्ये हाताने केले आहे, त्यांना या एका ओळीचे मोल कळेल.

या आठवड्यात आणखी एक खबरदारी घेतली. फॉन्टमध्ये नसलेले अक्षर आले तरी झीलाटेक थांबत नाही, नुसती नोंद ठेवते, म्हणून अशा अक्षरांवर लक्ष ठेवणाऱ्या ट्रेसिंगलॉस्टकॅर्सचे मूल्य ३ केले. टेक लाइव्ह या लाटेकच्या वितरण-संचाच्या २०२१च्या आवृत्तीपासून अशा वेळी संकलन त्रुटी दाखवून थांबते. त्यातून दोन टिपांमधली बाणाची चिन्हे बेपत्ता असल्याचे उघड झाले.

आता परिशिष्टे उरली आहेत. त्यांना अ, ब, क, ड असे क्रम हवेत, क, ख, ग नव्हेत, असे बहिणीने बजावले आहे. आज्ञा पुन्हा इफकेसचीच असून ‘अ’च्या आधीचे घर या वेळी सुरुवातीलाच रिकामे सोडले आहे.