चित्राच्या मागची बाजू

शाळेचं पत्र आलं, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव म्हणून, आणि खरं सांगतो, दुसरं काही डोक्यात आलंच नाही, आपले ड्रॉइंगचे सरच समोर उभे राहिले. इतर सगळ्या शिक्षकांचे उपकार आहेतच. पण मी आज जो काही आहे तो सरांमुळे, त्यामुळे त्यांच्याबद्दलच लिहितो.

नववीत होतो. शनिवारी शाळा सुटल्यावर सर आम्हा चार-पाच जणांना मागच्या तळ्यावर लँडस्केपला न्यायचे. मार्च महिना, तळं बरंच खाली गेलेलं, पण मी आपलं काठोकाठ निळंशार पाणी रंगवलं, कारण तसं छान दिसतं. सर मागे येऊन उभे राहिले, रागावले नाहीत, हाताला धरून मला पायऱ्यांवरून खाली घेऊन गेले आणि माझा तळवा एका दगडावर ठेवला. दगडावर शेवाळ्याची वाळून काळी पडलेली रेघ होती, वरचा दगड पांढुरका आणि खालचा हिरवट. म्हणाले, "पाणी इथं होतं. आज कुठं आहे ते मोज." मोजल्या, 7 पायऱ्या कोरड्या होत्या. मग म्हणाले, "तुझ्या चित्रात एकही नाही."

वर येऊन मी ओल्या स्पंजनं निळा रंग पुसायला गेलो तर कागदाची लवच निघाली. मला रडू यायला लागलं होतं. सर म्हणाले राहू दे, त्याच खरबरीत जागेवर पायऱ्या काढ, दगड छान उतरेल. आणि खरंच उतरला! आकाशही त्यांनी पुन्हा करायला लावलं, मार्चमधे हवेत धूळ असते, ट्यूबमधला निळा थेट लावायचा नाही, अल्ट्रामरीन निळ्यामधे थोडं बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घाल आणि बघ कसा धुरकट राखाडी येतो ते. मग चित्र उलटं करून त्यांनी स्वतःच्या पेन्सिलनं मागे तारीख, वेळ, वारा कुठला आणि कोरड्या पायऱ्या किती ते लिहिलं.

ही सवय कुठून आली ते त्यांनी नंतर सांगितलं. कॉन्स्टेबल नावाच्या इंग्रज चित्रकारानं 1821-22 मधे लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे कितीतरी अभ्यास केले आणि त्यातल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी तिथला रंकाळा तलाव, पंचगंगेचा काठ कसा पुन्हा पुन्हा रंगवला तेही सर तासन् तास सांगायचे, एकाच परिसराला आयुष्य दिलेला माणूस म्हणून सरांना त्यांच्याबद्दल फार आदर होता. व्हेनिसच्या कॅनालेटो या चित्रकाराचं मात्र मी पुढे स्वतः वाचलं. त्यानं 18व्या शतकात कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पाडणारी पेटी, वापरून व्हेनिसच्या इमारती इतक्या बारकाईनं काढल्या की भिंतींवरची शेवाळ्याची रेघसुद्धा सुटली नाही. संशोधकांनी ती रेघ आजच्या रेघेशी ताडून पाहिली तेव्हा ती साधारण 60 सेंटिमीटर वर चढलेली निघाली, जमीन खचतेय आणि समुद्र वाढतोय म्हणून. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. शेवाळ्याची रेघ! सरांनी माझा हात नेमका तिथेच ठेवला होता की. तेव्हा सर हयात नव्हते, सांगणार कुणाला.

तेव्हापासून दरवर्षी मार्चमधे त्याच जागी बसून मी तळं रंगवत आलोय. नोकरी लागली, बदल्या झाल्या, तरी रजा काढून यायचो. अशी 31 चित्रं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांचं प्रदर्शन भरवलं, तारखेप्रमाणे ओळीनं लावली. लांबून बघितलं तरी कळत होतं, पाणी मागे मागे जातंय, पलीकडच्या टेकडीवरचा हिरवा जाऊन पिवळट-तपकिरी येतोय, आणि शेवटच्या सहा चित्रांत तर तळ्याच्या कडेला भरावच आहे. भूजलाचा अभ्यास करणारी एक मुलगी आली होती, तिनं पुढून एकही फोटो काढला नाही, प्रत्येक चित्र उलटं करून मागच्या नोंदी टिपून घेतल्या. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी पावती तीच.

यंदा गेलो तर पायऱ्या भरावाखाली गेल्यात, मोजायला एकही उरली नाही. मी भरावच रंगवला आणि मागे तसं लिहिलं. फार वाईट वाटतं हो. आता मुलांच्या वह्या बघतो तर दोन डोंगर, मधे सूर्य, एक झोपडी, सगळीकडे तेच, आणि खिडकीबाहेर काय आहे ते कुणी बघायला सांगत नाही.

ते नववीतलं पहिलं चित्र मी शाळेला देतोय. एकच विनंती आहे, फ्रेम करताना मागे पुठ्ठा लावू नका, काच लावा आणि भिंतीला न टेकवता मधे टांगा. मागे सरांचं अक्षर आहे, पेन्सिल जरा पुसट झालीय पण वाचता येतं : सकाळी 11:40, वारा पश्चिमेचा, कोरड्या पायऱ्या 7.