कोठाराचे खांब आणि मधली मोकळी खाचरं

लाओसच्या शिएंग ख्वांग प्रांतात धान्याचं कोठार क्लस्टर बॉम्बच्या, म्हणजे पोटात शेकडो छोटे बॉम्ब असलेल्या बॉम्बच्या, कवचांवर उभं असणं ही रोजची गोष्ट आहे. विमानातून सुटल्यावर हे कवच उभं चिरून दोन अर्धे भाग होतात. हे भाग वाळवीला दाद देत नाहीत आणि त्यांच्या गुळगुळीत पत्र्यावर उंदीर चढू शकत नाही, म्हणून लोक ते खांब म्हणून रोवतात. न फुटलेल्या बॉम्बच्या सर्वेक्षणाला गेलेल्या आमच्या तुकडीच्या दृष्टीने ते खांब म्हणजे पुरावा होता. पहिला प्रश्न ठरलेला: हे मिळालं कुठे? गावप्रमुखांनी ओढ्याकाठच्या भातखाचरांकडे हात केला.

खांबांचा आकार बघून आतलं सगळं कळत नाही. एसयूयू-३० हे एकच कवच अनेक प्रकारच्या भरणीसाठी वापरलं गेलं. सर्वांत जास्त आढळतो तो सीबीयू-२४ : वजन पावणेचारशे किलोच्या आसपास आणि पोटात बीएलयू-२६ जातीचे साडेसहाशेहून जास्त गोल बॉम्ब. लाओ लोक त्यांना बोंबी म्हणतात. एका खांबावरच्या छापील अक्षरांपैकी काही अजून वाचता येत होती आणि ती सीबीयू-२४ शी जुळत होती. तरी सीबीयू-४९ चा संशय ठेवावाच लागतो. त्यातले बीएलयू-३६ बाहेरून अगदी बीएलयू-२६ सारखेच दिसतात, पण त्यांचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, आदळताक्षणी न उडता काही वेळाने उडण्यासाठी बनवलेला आहे. त्यामुळे शेतात सापडलेला प्रत्येक गोळा धोकादायकच धरायचा आणि हात लावायचा नाही.

पुराव्याच्या जागेभोवती एक किलोमीटरचा चौरस आखतात आणि त्याचे ५० मीटरचे चौकोन पाडतात. म्हणजे एकूण ४०० चौकोन. धातू शोधणारा डिटेक्टर घेऊन एकेक चौकोन तपासायचा. बोंबी मिळाली की तिथला शोध थांबवायचा, चौकोन नकाशावर लाल करायचा आणि पुढे जायचं. या टप्प्यावर जमीन साफ करायची नसते. बोंबी कुठून कुठपर्यंत पसरल्या आहेत, तेवढंच शोधायचं असतं.

त्या दिवशी नकाशावर जे उमटलं ते पाहण्यासारखं होतं. गावप्रमुखांनी दाखवलेल्या खाचरांतले चौकोन एकामागून एक हिरवे होत गेले, म्हणजे काहीच नाही. नवख्या माणसाला वाटावं की माहिती चुकीची आहे. पण बाहेर सरकल्यावर लाल चौकोन सुरू झाले, आधी उत्तरेला, मग पूर्वेला, मग ओढ्यापलीकडे. मोकळ्या मध्याभोवती लाल कडं तयार झालं.

याचं कारण त्या गोळ्याच्या अंगावरच आहे. बीएलयू-२६ च्या पृष्ठभागावर उंचवटे असतात. हवेतून पडताना त्यांच्यामुळे गोळा स्वतःभोवती वेगाने फिरतो आणि फिरकी दिलेल्या चेंडूसारखा बाजूला ओढला जातो. शेकडो गोळे असे बाहेर फेकले गेले की मधला भाग रिकामा राहतो. फ्यूज सज्ज होतो तोही या फिरण्यामुळेच. ज्या गोळ्याला पुरेसा वेग मिळाला नाही, जो बांबूच्या शेंड्यात अडकत खाली आला किंवा भाताच्या मऊ चिखलात रुतला, तो न फुटता राहू शकतो. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर २७ कोटींहून जास्त बोंबी टाकल्या गेल्या आणि त्यातल्या ३० टक्क्यांपर्यंत फुटल्याच नाहीत, असा अंदाज आहे.

गावकरी मधली खाचरं वर्षानुवर्षं कसत होते. कडेच्या बांबूत मात्र मुलं कोंब काढायला जात आणि लोक चुली पेटवत. मातीत दबलेल्या बोंबीवर जाळ केला तर ती उष्णतेने फुटते. इथले बरेच अपघात असेच होतात.

दुपारनंतर बांबूच्या कडेला वेगळीच वस्तू दिसली. पिवळा दंडगोल, टोकाला उघडलेली पाती. हा बीएलयू-३, अननस म्हणून ओळखला जाणारा. पुढच्या चौकोनातही तोच, मग त्याच्या पुढच्यात. कडं नाही, सरळ तिरपी रेघ. आणि गावात याचं कवच कोणाकडेच नव्हतं. ते असणारही नाही, कारण याचा डिस्पेन्सर, म्हणजे छोटे बॉम्ब सोडणारा पेटारा, विमानापासून सुटतच नाही.

एसयूयू-७ नावाचा हा डिस्पेन्सर म्हणजे पंखाखाली लटकवलेली १९ नळ्यांची जुडी. पुढून घुसणारी हवा नळीतले बॉम्ब मागच्या तोंडातून ढकलते आणि विमानाच्या वाटेखाली पट्टा पडतो. पट्टा नीट पडायचा तर वैमानिकाला सरळ आणि खालून उडावं लागे, नेमकं विमानविरोधी तोफांच्या टप्प्यात. या अडचणीतून एसयूयू-३० आलं. ते उंचावरून सोडता येत होतं आणि ठरल्या उंचीवर उघडत होतं. जोखीम वैमानिकावरून उतरली आणि त्याबरोबर नेमही सैल झाला. या एका गावाच्या शिवारात दोन्ही पिढ्या एकमेकींना छेदून पडल्या होत्या.

या हत्याराच्या इतिहासात हाच पेच फिरून फिरून येतो. १९३९ च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत विमानांनी फिनलंडवर टाकलेला आरआरएबी पडताना स्वतःभोवती गरगरत आग लावणारे बॉम्ब उधळायचा. जर्मनीचा एसडी-२ दोन किलोचा. पेटीतून सुटला की त्याच्या कवचाचे पंख उघडायचे. जून १९४३ मध्ये ब्रिटनमधल्या ग्रिम्सबीवर ते पडले, आणि त्यातल्या काहींचे फ्यूज हलवताच उडणारे असल्याने शहराची ये-जा खोळंबली. पुढे ब्रिटनचा जेपी-२३३ पुन्हा खालून उडण्याकडे वळला. टॉर्नेडो विमानाच्या पोटाखाली असे दोन पेटारे, प्रत्येकात धावपट्टी फोडणारे ३० बॉम्ब आणि दुरुस्ती अडवणारे २१५ सुरुंग. १९९१ च्या आखाती युद्धात ते वापरून झाल्यावर काही दिवसांतच टॉर्नेडो उंचावरून हल्ले करू लागले. मग उंचावरून टाकलेल्या डिस्पेन्सरला वारा भरकटवतो म्हणून अमेरिकेने त्याला दिशा सुधारणारी शेपटी जोडली. पेटारा नेमका पडू लागला, पण आतले न फुटणारे बॉम्ब तसेच राहिले. माझ्या मते सुधारणा चुकीच्या टोकाला होत राहिली. क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट २०१० पासून लागू झाला. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत त्यात नाहीत.

दिवसअखेर सापडलेल्या बोंबी जागेवरच नष्ट केल्या. त्याआधी कर्ण्यावरून गावाला सूचना दिली, वाटांवर माणसं उभी केली, गुरं हलवली. अहवालात धोक्याचे भाग दोन दाखवले, कडं वेगळं आणि रेघ वेगळी. कड्याचा मध्य त्यातून वगळला, कारण तिथे निकामीकरणाच्या तुकडीचे आठवडे वाया गेले असते. रेघ मात्र आमच्या चौरसाच्या सीमेपर्यंत लाल होती, म्हणून तिच्या दिशेने शेजारचा चौरस तपासण्याची शिफारस केली. शेतजमिनीत साफसफाई साधारण २५ सेंटिमीटर खोलीपर्यंत होते. प्राधान्य बांबूच्या कडेला द्यावं, असं लिहिलं. कोठाराचे खांब आतून-बाहेरून तपासले. त्यात काही नव्हतं, ते तसेच ठेवले.