हर्स्लीचा स्टीफन हॉपकिन्स

वंशावळ माझ्या हातात आली ती चौदा पिढ्यांची, सुबक छापलेली, चौकटीत बसवायचीच काय ती बाकी. तळाशी आमच्या अशील बाई, वर 1620मध्ये इंग्रज वसाहतकारांच्या 'मेफ्लॉवर' जहाजातून अमेरिकेतल्या प्लिमथला आलेला स्टीफन हॉपकिन्स, आणि त्याच्याही वर ग्लॉस्टरशरमधल्या वॉटन-अंडर-एज गावचं कापडवाल्यांचं घराणं. हॉपकिन्सची बायको म्हणून कॉन्स्टन्स डडली असं भारदस्त नाव. बाईंना मेफ्लॉवर-वंशजांच्या संस्थेत अर्ज करायचा होता आणि कागद 'फक्त तपासून' हवे होते.

वॉटनचं प्रकरण लगेच निकालात निघालं. त्या गावात स्टीफन हॉपकिन्स नावाचा माणूस होता, एवढाच तिथला आधार. पण सतराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये हे नाव दुर्मीळ नव्हतं. कॅलेब जॉन्सन या अभ्यासकाने 1998मध्ये विंचेस्टरजवळच्या हर्स्ली गावच्या चर्चची नोंदवही पुढे आणली. तिच्यात स्टीफन हॉपकिन्सच्या मुलांचे बाप्तिस्मे आहेत: एलिझाबेथ 13 मार्च 1604/5, कॉन्स्टन्स 11 मे 1606, जाइल्स 30 जानेवारी 1607/8. प्लिमथचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने 1651मध्ये प्रवाशांची यादी लिहिली, तीत हॉपकिन्सची जाइल्स आणि कॉन्स्टन्स ही मुलं 'आधीच्या बायकोची' आहेत. बापाचं नाव जुळणं ही किरकोळ गोष्ट; बाप, मुलगा, मुलगी तिघंही एकाच गावात, योग्य वयाची सापडली, म्हणून हा पुरावा वजनदार.

पुढच्या तारखाही त्याच साखळीत बसतात. 1609मध्ये 'सी व्हेंचर' जहाज बर्म्युडाला फुटलं, त्यावर स्टीफन हॉपकिन्स होता; बंडाच्या आरोपावरून त्याला मृत्युदंड झाला आणि गयावया केल्यावर माफी मिळाली. हर्स्लीत जाइल्सनंतर मूल नाही, ते यामुळे. बायको मेरी 9 मे 1613 रोजी पुरली गेली. तिच्या मालमत्तेच्या कागदात तिला 'विधवा' म्हटलंय. नवरा समुद्रापार, बहुधा मेला असंच गावाने धरलं असावं. फेब्रुवारी 1618मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपलला त्याने एलिझाबेथ फिशरशी दुसरं लग्न केलं. डडलीला यात कुठे जागाच उरत नाही.

'1604/5' हा छपाईचा दोष नव्हे. 1752पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणून 13 मार्च ही तारीख वहीत 1604 सालात पडते, आपल्या हिशेबाने 1605. हे न समजता कोणी साल 'दुरुस्त' केलं की आधी मूल, मग आईबापांचं लग्न असे चमत्कार होतात. तेव्हाचं हस्ताक्षरही दगा देतं: लांब 'एस' 'एफ'सारखा, 'सी' 'आर'सारखा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत अख्खं कुळ एका जागी मिळतं; चर्चच्या वहीत एकेक सुटा बाप्तिस्मा, लग्न, दफन असतं आणि जोडणी आपली आपणच करायची.

वरचा भाग उरकल्यावर मी नेहमीसारखी खालून सुरुवात केली. आजच्या माणसापासून एकेक पायरी वर, आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न: अमुक हा तमुकचाच मुलगा, हे कोणता कागद सांगतो? अमेरिकेच्या 1850च्या जनगणनेपासून घरातल्या मोकळ्या, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसांची नावं मिळतात आणि कुटुंबप्रमुखाशी नातं 1880पासून. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची वयोगटवार मोजणी. मॅसॅच्युसेट्सच्या गावांनी जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी बऱ्या ठेवल्या, पण कुटुंब पश्चिमेला सरकलं की धागा तुटतो. मग मृत्युपत्रं, वारसांच्या सह्या असलेली जमिनीची खतं, स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनची प्रकरणं. पेन्शनच्या फायलीत घरच्या बायबलची फाडलेली पानंही सापडतात. बायबलचं छपाईचं साल आधी पाहावं: ग्रंथ 1840चा आणि 1770पासूनच्या नोंदी एकाच शाईत, तर ते सगळं मागाहून आठवून लिहिलेलं. डीएनए चाचणीचा इतक्या पिढ्यांनंतर फारसा उपयोग नाही. बारा-तेरा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा तुकडा अंगात नसण्याचीच शक्यता जास्त.

बाईंची साखळी दहा पायऱ्या नीट चढली आणि मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड द्वीपकल्पावरच्या स्नो आडनावाच्या एका माणसापाशी अडली. छापील वंशावळीत तो निकोलस स्नो आणि कॉन्स्टन्स हॉपकिन्स यांचा मुलगा होता. ही जागा मला ओळखीची. ब्रॅडफर्ड म्हणतो, कॉन्स्टन्सला बारा मुलं, सगळी जिवंत. नावानिशी ठाऊक आहेत नऊच. उरलेल्या तीन रिकाम्या खुर्च्यांवर पोरका दिसेल तो स्नो आणून बसवला जातो. आमच्या स्नोला तर मुलाची खुर्ची दिलेली. पण निकोलसने 1676मध्ये मृत्युपत्र केलं, त्यात मार्क, जोसेफ, स्टीफन, जॉन आणि जेबेझ या पाच मुलग्यांची नावं आहेत. आमचा स्नो तेव्हा हयात होता, त्याचे जमिनीचे व्यवहार पुढच्या दशकातही दिसतात. वाटणीत हयात मुलगा वगळला जाणं अशक्य नाही, पण त्याला आधी जमीन दिल्याचं एखादं खत तरी हवं. बापलेकाचं नातं सांगणारी एकही ओळ मिळाली नाही.

अहवालात 'सिद्ध नाही' असं लिहिलं. बाई नाराज झाल्या, ते साहजिकच. मात्र त्याच वंशावळीत, सातव्या पिढीत, केप कॉडवरच्याच हार्विचची, माहेरची हॉपकिन्स अशी एक बायको होती, आईबापांची जागा कोरी. जाइल्सच्या पहिल्या काही पिढ्यांवर संस्थेचं स्वतःचं छापील संशोधन आहे, त्यामुळे तिचा बाप त्या पुस्तकातल्या कुटुंबांत बसला तर वरचं सगळं नव्याने सिद्ध करावं लागत नाही. फक्त मधल्या दोन पायऱ्या उरतात. केप कॉड ज्यात येतं त्या बार्नस्टेबल काउंटीचं कचेरीतलं दफ्तर 1827मध्ये आगीत गेलं आणि जमिनीची बहुतेक जुनी खतं त्यात जळाली, म्हणून मृत्युपत्रांच्या वह्या आधी मागवल्या आहेत.