विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी

औषधे शरीरातल्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश स्वीकारणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनांवर, कशी काम करतात हे शिकवताना बहुतेक पाठ्यपुस्तके कुलूप आणि किल्लीचे चित्र काढून मोकळी होतात. मला ते चित्र कधीच फारसे पटले नाही. किल्ली लागते किंवा लागत नाही, एवढेच त्यातून कळते. दारामागे काय आहे, ते दार कोणत्या खोलीचे आहे आणि आधीपासून ते कोण ठोठावते आहे, यांतले काहीच कळत नाही. म्हणून औषधशास्त्राच्या तासाला मी लाल विंचवापासून सुरुवात करतो. कोकणात लाल विंचू चावलेल्या आणि विष अंगात भिनू लागलेल्या माणसाला प्राझोसिन नावाची गोळी देतात. ही गोळी उच्च रक्तदाबासाठी बाजारात आली होती. ती विंचवाच्या विषाला चिकटत नाही, ते निकामी करत नाही, शरीराबाहेरही काढत नाही. विषाशी तिचा काडीचाही संबंध येत नाही आणि तरीही तिने माणसे वाचवली आहेत.

लाल विंचू हा दिसायला किरकोळ प्राणी आहे. जांभ्या दगडांच्या फटीत, पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात, दाराबाहेर ठेवलेल्या चपलेत तो सापडतो. त्याच्या विषातले विषारी घटक मज्जातंतूंच्या आवरणातल्या सोडियमच्या वाटांना गाठतात. एरवी या वाटा क्षणभर उघडून आपोआप बंद होतात. विषामुळे त्या वेळेवर बंद होत नाहीत, आणि मज्जातंतू थांबायचे विसरून संदेश पाठवत राहतो. (याच विंचवाच्या विषातला आयबेरिओटॉक्सिन हा दुसरा घटक पोटॅशियमच्या एका प्रकारच्या वाटा बंद करतो आणि जगभरच्या प्रयोगशाळा तो संशोधनासाठी वापरतात. कोकणातल्या गोठ्यात ज्याला चपलेने चिरडतात, त्याचे विष परदेशात सूक्ष्म मापाने विकत घेतले जाते, ही गंमत मुलांना सांगितल्यावर तास जरा जागा होतो.)

आपल्या इच्छेविना चालणारे जे मज्जातंतू आहेत, त्यांच्या दोन्ही शाखा या विषाने पेटतात. आधी उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते आणि कपडे भिजावेत इतका घाम येतो. पुरुषांमध्ये लिंग ताठरते, आणि ही खूण संकोचाने लपवली जाते म्हणून डॉक्टरने मुद्दाम पाहायची असते. त्यानंतर नॉरॲड्रेनलिन आणि ॲड्रेनलिन या, संकटकाळी शरीर सोडते त्या, संदेशद्रव्यांचा लोंढा येतो. हातपाय थंडगार पडतात, त्वचा फिकी होते, रक्तदाब चढतो, छाती धडधडते. आकसलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, मग फुप्फुसात पाणी भरते आणि रुग्ण गुलाबी फेस खोकू लागतो. गंमत अशी की नुसत्या असह्य वेदनेने ओरडणारा रुग्ण बहुधा धोक्याबाहेर असतो. वेदना फारशी नसलेला, घामाने निथळणारा आणि गार पडलेला रुग्ण पाहिला की डॉक्टर सावध होतो. विंचू उतरवणाऱ्या मांत्रिकांचे नाव गावोगाव टिकून राहिले त्याचे कारणही इथेच आहे, कारण बहुसंख्य दंशांत वेदनेपलीकडे काही होत नाही आणि ती काही तासांत आपोआपच ओसरते.

हे चित्र नीट मांडण्याचे श्रेय महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना जाते. १९७० च्या दशकात ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. त्या काळी विंचूदंशावर गुंगीच्या औषधांचे मिश्रण, ॲट्रोपिन, स्टिरॉइड असे हाताला लागेल ते दिले जाई. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून कोणते लक्षण कोणत्या क्रमाने येते याची नोंद केली. १९८२ मध्ये ही पूर्वलक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिनच्या वापराविषयीचे टिपण आले. प्राझोसिनपूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत असत आणि नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या घरात आले, असे त्यांच्या लेखांत नोंदले आहे. त्यांच्या बऱ्याच लेखांवर पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचेही नाव आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला स्वतःला यातला सगळ्यात मोलाचा भाग गोळीची निवड हा वाटत नाही. विषाकडे न पाहता, विषाने शरीरातलीच कोणती यंत्रणा हाती घेतली आहे ते पाहणे, हा खरा विचार होता.

या विचाराला जी पार्श्वभूमी लागते ती तयार व्हायला ऐंशी वर्षे लागली होती. केंब्रिजचे जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये कोंबडीच्या स्नायूंवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निकोटिन दिल्यावर स्नायू आकसत असे, मज्जातंतू कापून तो मरू दिला तरीही आकसत असे. मात्र क्युरारे हे स्नायू लुळे करणारे विष दिले की निकोटिनचा परिणाम थांबे, आणि तरीही विजेचा झटका थेट स्नायूला दिला तर तो आकसेच. म्हणजे ही दोन्ही द्रव्ये मज्जातंतूवर काम करत नव्हती आणि आकुंचनाच्या मूळ यंत्रणेवरही करत नव्हती. स्नायूतच संदेश स्वीकारणारे काही वेगळे द्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष लँगलींनी काढला. पुढच्याच वर्षी हेन्री डेल यांना अरगट या बुरशीजन्य द्रव्याचा अभ्यास करताना विलक्षण गोष्ट आढळली. ॲड्रेनलिन दिले की प्राण्याचा रक्तदाब वाढतो. पण आधी अरगट दिलेले असेल, तर त्याच ॲड्रेनलिनने रक्तदाब उतरतो. द्रव्य तेच, प्राणी तोच आणि परिणाम उलटा.

याचा उलगडा व्हायला १९४८ साल उजाडावे लागले. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनलिनच्या जातीची सहा द्रव्ये वेगवेगळ्या अवयवांवर वापरली आणि कोणते द्रव्य जास्त प्रभावी ठरते याचा क्रम लावला. काही अवयवांत एक क्रम मिळाला, उरलेल्यांत दुसरा, तिसरा मिळालाच नाही. त्यावरून त्यांनी सांगितले की रिसेप्टर दोन प्रकारचे आहेत, अल्फा आणि बीटा. अल्फा रिसेप्टर रक्तवाहिन्या आकसवतात. बीटा हृदयाचा वेग वाढवतात आणि काही रक्तवाहिन्या सैल करतात. डेल यांच्या प्रयोगात अरगटने अल्फा अडवले होते, त्यामुळे ॲड्रेनलिनची बीटावरची बाजू तेवढी उघडी पडली होती. आल्क्विस्ट यांच्या निबंधाकडे पुढली कित्येक वर्षे फारसे कोणी वळून पाहिले नाही. पुढे जेम्स ब्लॅक यांनी त्याच आधारावर बीटा रिसेप्टर अडवणारे प्रोप्रानोलॉल हे औषध तयार केले आणि १९८८ चे नोबेल मिळवले. आणि हे सगळे चालू असताना रिसेप्टर कोणी पाहिलेला नव्हता! पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार जाणारी ती प्रथिनाची साखळी आहे, हे नंतर उलगडले, आणि ज्या कामासाठी २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना मिळाले, त्यात बीटा रिसेप्टरचीच रचना मध्यवर्ती होती.

आता विंचवाकडे परत येऊ. अल्फाचेही पुढे अल्फा-१ आणि अल्फा-२ असे प्रकार ओळखले गेले. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंवर अल्फा-१ हे रिसेप्टर असतात. नॉरॲड्रेनलिनचा रेणू तिथे बसला की रिसेप्टरच्या आतल्या बाजूला असलेले, संदेश पुढे नेणारे जी-प्रथिन जागे होते, पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटते आणि स्नायू आकसतो. प्राझोसिन त्याच जागी बसते, पण रिसेप्टरला जागे करत नाही. औषधाचा परिणाम म्हणून आपण जे पाहतो, ती खरे तर नॉरॲड्रेनलिनच्या परिणामाची अनुपस्थिती असते. ही जागा प्राझोसिन कायमची अडवत नाही. दोन्ही रेणू येत-जात राहतात आणि ज्याची संख्या व पकड जास्त, त्याच्याकडे जास्त जागा राहतात. म्हणूनच एक मात्रा देऊन भागत नाही. बावस्करांच्या पद्धतीत लहान मुलांना २५० मायक्रोग्रॅम आणि मोठ्यांना ५०० मायक्रोग्रॅम अशी मात्रा दिली जाते आणि हातपाय गरम व कोरडे होईपर्यंत ती ठरावीक तासांनी पुन्हा देतात. हाताच्या स्पर्शाने कळणारी ऊब ही इथे अल्फा-१ रिसेप्टर नॉरॲड्रेनलिनच्या तावडीतून सुटल्याची मोजपट्टी असते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, आणि आडवळणाच्या आरोग्य केंद्रात त्याचे महत्त्व किती, हे वेगळे सांगायला नको.

पण अल्फा अडवणारी औषधे त्यापूर्वीही होती, मग प्राझोसिनच का? याचे उत्तर अल्फा-२ मध्ये आहे. नॉरॲड्रेनलिन सोडणाऱ्या मज्जातंतूच्या टोकावरच अल्फा-२ रिसेप्टर असतात. बाहेर पुरेसे नॉरॲड्रेनलिन साचले की ते टोकाला आवरते घ्यायला सांगतात. फेंटोलामिनसारखी जुनी औषधे अल्फा-१ बरोबर अल्फा-२ ही अडवत, त्यामुळे एकीकडे रक्तवाहिन्या सैल होत आणि दुसरीकडे मज्जातंतूचा लगाम सुटून नॉरॲड्रेनलिन आणखी वाहू लागे, जे हृदयाच्या बीटा रिसेप्टरवर जाऊन धडधड वाढवी. प्राझोसिन अल्फा-२ ला जवळजवळ हात लावत नाही. विंचूदंशात आधीच लोंढा आलेला असताना हा फरक जीवनमरणाचा ठरतो. छाती धडधडते म्हणून बीटा-ब्लॉकर, म्हणजे बीटा रिसेप्टर अडवणारे औषध, द्यावे, असे विद्यार्थ्यांना हमखास सुचते, आणि ते घातक आहे: थकलेल्या हृदयाचा आधार त्यामुळे जातो, रक्तवाहिन्या सैल करणारे बीटा रिसेप्टरही अडतात आणि अल्फाच्या आकुंचनाला आळा घालणारे काही उरत नाही.

प्राझोसिनची उलट बाजूही त्याच रिसेप्टरमधून येते. उभे राहिल्यावर पायांकडे रक्त साचू नये म्हणून रक्तवाहिन्या अल्फा-१ च्या जोरावरच आकसतात. ते अडलेले असताना रुग्णाला उठवून बसवले, किंवा आईने पोराला कौतुकाने कडेवर उचलले, तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून गोळी दिलेल्या रुग्णाला आडवेच ठेवायचे. विंचवाच्या विषावर प्रतिविषही आहे. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते तयार होते. २०११ मध्ये महाडच्याच एका चाचणीत प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलेले रुग्ण नुसत्या प्राझोसिनवरच्या रुग्णांपेक्षा लवकर सावरले. हे अगदी तर्काला धरून आहे, कारण प्रतिविष उगमाशी काम करते आणि प्राझोसिन आधीच सुटलेल्या नॉरॲड्रेनलिनला रिसेप्टरपाशी रोखते.

हेच रिसेप्टर मेंदूत असले की कथा बदलते. क्लोनिडिन हे औषध मुळात नाक मोकळे करण्यासाठी बनवले होते. नाकातल्या रक्तवाहिन्या ते आकसवते खरे, पण घेणाऱ्याला गाढ झोप लागली आणि रक्तदाब खाली आला. कारण ते मेंदूत शिरते आणि तिथल्या अल्फा-२ रिसेप्टरना जागे करून शरीराकडे जाणारे उत्तेजनाचे संदेशच कमी करते. त्याच कुळातले डेक्समेडेटोमिडिन आज अतिदक्षता विभागात रुग्णाला शांत ठेवण्यासाठी वापरतात. प्राझोसिनही मेंदूत पोहोचते. युद्धाच्या आघातानंतर पडणाऱ्या भयंकर स्वप्नांवर अमेरिकेत ते वापरले गेले आणि सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत फायदा दिसला, पण माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले तेव्हा नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा ते सरस ठरले नाही. विंचूदंशात रिसेप्टरपासून लक्षणापर्यंतचा रस्ता सरळ आहे. स्वप्नापर्यंतचा तसा नाही.

सर्दीत नाकात घालायचे झायलोमेटाझोलिनचे थेंब हे प्राझोसिनच्या नेमके उलट टोक आहे. ते अल्फा रिसेप्टर जागे करतात, सुजलेल्या आवरणातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मिनिटांत श्वास मोकळा होतो. मात्र सतत हाका मारल्या की पेशी दाद देईनाशी होते: रिसेप्टरचा प्रतिसाद कमी होतो, काही रिसेप्टर आत ओढून घेतले जातात, आणि थेंबांचा असर उतरला की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदते. चार-पाच दिवसांपलीकडे ते घालू नयेत असे सांगतात ते यासाठी. पण औषधाच्या दुकानात ते चिठ्ठीशिवाय मिळतात आणि महिनोन्महिने उशाशी बाटली ठेवणारे लोक माझ्या परिचयातही आहेत.

आणखी एक उदाहरण घराघरांतल्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगाचे आहे. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला अडथळा होणाऱ्या पुरुषांना टॅमसुलोसिन देतात. प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाशी अल्फा-१ चा ‘ए’ हा उपप्रकार प्रामुख्याने असतो आणि टॅमसुलोसिन त्याच्यावर भर देते, त्यामुळे रक्तदाब प्राझोसिनइतका खाली येत नाही. पण बाहुली मोठी करणाऱ्या बुबुळाच्या स्नायूवरही हाच उपप्रकार असतो. अशा माणसाच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करताना बुबुळाचा पडदा सैल पडून लडबडतो, बाहुली मध्येच आकसते आणि शस्त्रक्रिया अवघड होते. नेत्रतज्ज्ञांनी हा प्रकार २००५ मध्ये प्रथम नोंदवला. आदल्या आठवड्यात गोळी थांबवूनही तो टळेलच याची खात्री नसते, परंतु आधी कल्पना असेल तर शल्यविशारद बाहुली उघडी धरणारी साधने आणि औषधे हाताशी ठेवतो. तेव्हा मोतीबिंदूची तारीख घेताना लघवीची गोळी चालू आहे, किंवा पूर्वी कधी होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.