सात मिनिटं आणि एक थाळी

जूनचा पहिला शुक्रवार आला की संध्याकाळी पाचच्या सुमाराला अजूनही मी इस्त्रीचा शर्ट काढतो आणि मग आठवतं, आता कुठे जायचंय? बायको म्हणते, घाल तो शर्ट आणि भाजी घेऊन या.

पुण्याच्या पश्चिम कडेच्या एका इंटरनॅशनल शाळेच्या ऑफिसात मी २१ वर्षं काढली, २००३ ते २०२४. शिकवण्याशी माझा संबंध नव्हता. माझ्याकडे होत्या फायली. परदेशातून शिक्षक आला की १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून त्याची नोंदणी करायची, घराचा लिव्ह अँड लायसन्स करायचा, घरमालकाकडून परदेशी भाडेकरूच्या माहितीचा सी फॉर्म भरून घ्यायचा, गॅसपासून सिमकार्डापर्यंत सगळं मार्गी लावायचं. २०१८मध्ये हे काम ऑनलाइन झालं. त्याआधी पासपोर्टांचा गठ्ठा काखेत मारून पोलीस आयुक्तालयात खेपा घालायला लागायच्या. फोटोची पार्श्वभूमी पांढरी नाही, भाडेकराराची एक प्रत कमी आहे, साहेब जेवायला गेलेत. सोबत आलेला सहा फुटी मास्तर बाकड्यावर बसून घाम पुसतोय आणि मी त्याला सांगतोय, फाइव्ह मिनिट्स सर. ती फाइव्ह मिनिट्स म्हणजे अख्खी दुपार, हे तिसऱ्या खेपेला त्यालाही कळायचं.

फाइल हातात असली की माणूस कळला असं वाटतं. जन्मगाव, पदवी, आधीच्या तीन नोकऱ्या, पोलिसांचा दाखला, रक्तगट. मलाही तसंच वाटायचं, २००५च्या जूनपर्यंत.

तोवर जूनच्या पहिल्या शुक्रवारचा आमचा वर्षअखेरीचा स्टाफचा कार्यक्रम चारचौघांसारखाच असायचा. जाणाऱ्यांचे फोटो पडद्यावर, मागे गाणं, मग केक. त्या वर्षी गावभर भारनियमन चालू होतं. नेमकी कार्यक्रमाच्या वेळी वीज गेली आणि जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं. (ते भरायचं काम कोणाचं होतं यावर पुढे आठवडाभर ई-मेल फिरल्या. काम माझं होतं.) पडदा काळा, प्रोजेक्टर गप्प, बाहेर वळवाची गडगड. स्वयंपाकघरातल्या मावशींनी चार मेणबत्त्या आणून स्टेजच्या कडेला लावल्या. तेव्हा आर्टच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, फोटो दिसणार नसतील तर मी सांगतेच.

बाई कॅनडाच्या, नोव्हा स्कोशियातल्या. वडील लॉबस्टर पकडणारे. इंटरनॅशनल शाळांच्या नोकऱ्या कशा मिळतात हे आम्हाला तिथे पहिल्यांदा समजलं. जानेवारीत बँकॉकला एखाद्या मोठ्या हॉटेलात भरती-मेळावा भरतो. जगभरच्या शाळांचे मुख्याध्यापक टेबलं मांडून बसतात, शिक्षक आपापली कागदं घेऊन रांगा लावतात, हॉटेलच्याच खोल्यांत मुलाखती होतात आणि दोन-तीन दिवसांत माणसाची पुढची दोन वर्षं ठरून जातात. आमचे लेखापाल माझ्या कानाशी पुटपुटले, आठवडे बाजारच की हा! बाईंना जायचं होतं पेरूला. पेरूची रांग लांबलचक, नव्या सँडलनी पाय सोललेले, समोरचं टेबल रिकामं. टेकायला म्हणून त्या तिथे बसल्या. ते टेबल आमच्या शाळेचं होतं.

मुख्याध्यापकांच्या सेक्रेटरी वाक्या-वाक्याचं मराठी करत होत्या. ‘बाई पेरूच्या रांगेत उभ्या होत्या’ म्हटल्यावर मावशींना हसू आवरेना. एवढी गोरी बाई, विमानाने बँकॉकला जाते आणि पेरूसाठी रांग लावते! कोणीतरी देशाचं नाव आहे म्हणून समजावलं, पण उपयोग झाला नाही. बाईंना आणखी दोन वर्षांचा करार मिळाला होता. त्या दोन्ही हिवाळ्यांत मावशींनी त्यांच्या टेबलावर रोज एक पेरू ठेवला. मीठ-तिखट लावून.

पुढच्या वर्षी वीज होती, डिझेलही होतं (मी स्वतः बघितलं होतं), पण पडदा कोणी लावलाच नाही. हळूहळू या संमेलनाचे नियम ठरले. जाणाऱ्याने बोलायचंच, राहणाऱ्यांपैकी तिघांनी बोलायचं. वेळ सात मिनिटं. सात झाली की मावशी स्टीलच्या थाळीवर डाव हाणणार, समोर संचालक असले तरी. जेवण ज्याने त्याने घरून आणायचं. फिलिपिनो संगीतशिक्षिकेच्या शेवया, इथिओपियातून आलेल्या जोडप्याची आंबूस, जाळीदार, धिरड्यासारखी इंजेरा आणि आमच्या घरचं पिठलं एका ताटात आलं की पिठल्याला इंजेराच जास्त मानवते, हा शोध आमच्या बायोलॉजीच्या सरांचा. भाकरीवर अन्याय आहे, पण खरं आहे.

इतिहासाचे सर दरवर्षी पहिली दोन मिनिटं जुन्या गोष्टींत घालवायचे आणि मग घाईघाईने स्वतःकडे यायचे. त्यांच्यामुळे मला कळलं की जिनिव्हाची इंटरनॅशनल शाळा १९२४ची. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना तिथे आल्या, त्यांच्या नोकरदारांच्या मुलांना शाळा हवी होती, म्हणून ती निघाली. आपण ज्याला आयबी म्हणतो ती, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा अभ्यासक्रम चालवणारी संस्थाही जिनिव्हातच १९६८मध्ये स्थापन झाली आणि भारतात आयबी पहिल्यांदा आणली ती कोडाईकनालच्या शाळेने, १९७६मध्ये. आईबाप बदलीच्या नोकरीत, म्हणून मुलांसाठी शाळा. मग त्या शाळेचे मास्तरही बदलीवरच. असं ते म्हणायचे, आणि थाळी वाजायची.

केमिस्ट्रीच्या मॅडमबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे मी चुकलो होतो.

मॅडम केरळच्या, कोट्टायमकडच्या. रुजू झाल्या तेव्हा मूळ प्रमाणपत्रं पडताळायला माझ्याकडे आली. बी.एस्सी., एम.एस्सी., बी.एड. तिन्हींना आडव्या-उभ्या घड्या, घडीच्या रेषेवर कागद विरलेला, एम.एस्सी.च्या कोपऱ्यात तपकिरी डाग. आमच्याकडे माणसं पदवीला लॅमिनेशन करून आणतात (तेही चूकच, पण भावना तरी दिसते). मी जरा ताठ्यातच म्हणालो, “मॅडम, ओरिजिनल कोणी असं घडी घालून ठेवतं का? त्यावर चहा सांडलाय.” त्या नुसत्या हसल्या. “सॉरी सर,” म्हणाल्या. मीही फाइलवर शेरा मारला: मूळ प्रत खराब स्थितीत.

२००९च्या संमेलनात त्यांची पाळी आली. राहणाऱ्यांपैकी होत्या. लग्नानंतर त्या कुवेतला गेल्या होत्या, तिथल्या एका भारतीय शाळेत शिकवायच्या. १९९०च्या उन्हाळ्यात नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून सुट्टीत गावी जाणं राहिलं. २ ऑगस्टला पहाटे इराकी फौजा शहरात शिरल्या. बँका बंद, पगार अडकलेला, नवऱ्याची कंपनी गायब. काही आठवड्यांनी बस मिळाली. कुवेतहून बसरा, बगदाद, मग जॉर्डनची हद्द, तिथे वाळवंटात तंबू. अम्मानहून एअर इंडियाची विमानं मुंबईला उतरत होती. त्या दोनेक महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं अशी परत आली. वाटेत झडती व्हायची. सोनं त्यांनी आधीच विकून टाकलं होतं, बसच्या भाड्यासाठी. तिन्ही प्रमाणपत्रं आठ घड्या घालून त्यांनी सात महिन्यांच्या मुलीच्या उशीत शिवली. पोरीच्या उशीला कोण हात लावणार? तंबूत दूध सांडलं, उशी भिजली. मुंबईत उतरल्यावर त्यांनी सर्वांत आधी कोणाकडून तरी ब्लेड मागून घेतलं आणि टाके उसवले.

“कागद होते म्हणून सप्टेंबर संपायच्या आत नोकरी मिळाली,” एवढंच म्हणून त्या खाली बसल्या. पाचच मिनिटं झाली होती. मावशींनी डाव हातात धरला होता, तो मांडीवर ठेवला.

सोमवारी मी फाइल काढली. तो शेरा व्हाइटनरने खोडला. सरकारी शिस्तीत हे बसत नाही, पण ती काही सरकारी फाइल नव्हती. मॅडमना मी कधी काही बोललो नाही. त्यांनी तो शेरा वाचला असेल, असं वाटतं. इन्क्रिमेंटच्या वेळी फाइल समोर ठेवूनच सही घ्यायचो आम्ही.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. नवा माणूस आला की कागदांबरोबर एक फालतू प्रश्न विचारायचा. गणिताच्या सरांना विचारलं, सदाशिव पेठेतली अनुदानित शाळा सोडून एवढ्या लांब का? तुकड्या कमी झाल्या, मी अतिरिक्त ठरलो, म्हणाले. १९ वर्षं शिकवल्यावर कागदावर ‘अतिरिक्त’ असं लिहून येतं. स्टेजवर त्यांनी हे सांगितलं नाही. तिथे त्यांनी आपली फजिती सांगितली. गणिताला इंग्रजी कशाला लागतं, या गुर्मीत ते आले होते. पहिल्याच महिन्यात एका कोरियन मुलीने पेपर परत आणला: प्रश्नात ‘हेन्स’ आहे, सर, म्हणजे आधीच्या उत्तरावरूनच सोडवायचं; तुम्ही नव्याने सोडवलंत, तुमचे मार्क जातील. ‘हेन्स ऑर अदरवाइज’ असतं तर चाललं असतं. सर त्या रात्री शब्दकोश घेऊन बसले. पुढे स्टाफरूममध्ये ते वाक्यच झालं: चहा घेणार का? हेन्स ऑर अदरवाइज.

ड्रायव्हर, शिपाई, मावशी हे सगळे सुरुवातीची सहा वर्षं फक्त ऐकायलाच होते. याची लाज आम्हाला उशिरा वाटली. २०११मध्ये बसचे काका उभे राहिले, मुळशीचे. त्यांचं आजोळ धरणाखाली गेलेलं. १९२१चा सत्याग्रह, सेनापती बापट, हे आपण पुस्तकात वाचतो. त्यांच्या आजीने सांगितलेली गोष्ट वेगळी होती: गाव सोडताना तिने जात्याची वरची तळी डोक्यावर घेतली आणि खालची तिथेच राहिली, कारण दोन्ही एकदम नेता येईनात. काका टेम्पोवर क्लीनर होते, मग ट्रक, मग दहा वर्षं कंपनीची बस, मग आमची. “इथं सगळे विचारतात, व्हेअर आर यू फ्रॉम. माझं आजोळ विचारलं तर पाणी दाखवावं लागतं,” असं म्हणून ते स्वतःच मोठ्याने हसले. स्कॉटिश फिजिक्स सरांना भाषांतर पोचायला अर्धं मिनिट लागलं, मग ते एकटेच टाळ्या वाजवत राहिले.

सगळं गोडच होतं असं सांगितलं तर खोटं ठरेल. अशा बऱ्याच शाळांत पगाराच्या दोन पट्ट्या असतात, परदेशातून आणलेल्यांची एक आणि इथल्यांची दुसरी. वरच्यांना घर, विमानाचं तिकीट, मुलांची फी. एका वर्षी हिंदीच्या बाईंनी सात मिनिटांपैकी चार मिनिटं यावरच बोलून दाखवलं, शांतपणे, आकड्यांसकट. हॉलमध्ये चमचा वाजला नाही. मग कोणीतरी गाणं म्हणायला घेतलं. ते आकडे माझ्याच कपाटात होते आणि मी ताटातल्या पिठल्याकडे बघत बसलो, हे माझ्या मनातून जात नाही. बाई पुढच्या वर्षी गेल्या. निरोपाला बोलल्या नाहीत, नियम मोडून.

२०२०ला संमेलन झूमवर झालं. चौघे जण मिळेल त्या विमानाने घरी गेले होते आणि परत येणार नव्हते. त्यांची घरं मी आणि बसच्या काकांनी आवरली. ड्रामाच्या सरांच्या कपाटात धुऊन घडी केलेल्या ११ लुंग्या निघाल्या. माणसाला या देशात काय आवडलं होतं ते असं समजतं. व्हिडिओवर दाखवून विचारलं, यांचं काय करू? दोन पाठवा, बाकी काकांना, म्हणाले. झूमवर थाळी वाजवली, पण तिचा आवाज त्या यंत्राला गोंगाट वाटायचा, ते दाबून टाकायचं. मावशींना फार राग आला.

माझी पाळी २०२४च्या जूनमध्ये आली, निवृत्तीची. २१ वर्षं दुसऱ्यांची सात मिनिटं ऐकलेला माणूस, वाटलं, जमेल. कागदावर मुद्दे काढले होते. भोर तालुक्यातलं गाव, दहावीनंतर पुण्यात मामाकडे, कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकुनी, २००२मध्ये कारखान्याला टाळं, मग ही शाळा. सरळ रेघ आहे, फार तर चार मिनिटं. केमिस्ट्रीच्या मॅडम आदल्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या, तरी मुद्दाम आल्या होत्या, दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

सुरुवात नीट झाली. मग मामाच्या घरचा पोटमाळा आला, त्यावरून मामीचं सोवळं, त्यावरून टाइम ऑफिसातलं पंचिंगचं घड्याळ, जे रोज चार मिनिटं पुढे जायचं आणि त्यापायी लोकांचा अर्धा दिवस कापला जायचा, आणि मग मी एकदा कोणाला न सांगता ते मागे केलं होतं ती गोष्ट. ती मी घरीही कधी सांगितली नव्हती. थाळी वाजली तेव्हा मी अजून १९९१मध्येच होतो.

मी कागदाची घडी घालायला लागलो. मागून मॅडमचा आवाज आला, त्यांच्या त्या मल्याळी मराठीत, “सर, ओरिजिनल घडी घालू नका.”

मावशींनी डाव बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, घड्याळाचं पुढं काय झालं ते तरी सांगा.