पद्मिनी सुरू झाली, कागद सुरू होईना

पद्मिनीचा कार्बोरेटर किट मिळतो, क्लच प्लेट मिळते, समोरच्या काचेचं रबरसुद्धा मिळतं. दोन फोन, एक कुरिअर, झालं काम. पण १९७५ सालच्या आरटीओ रजिस्टरचं एक पान मिळवायला जो घाम गाळला तो अजून वाळला नाही, म्हणून हे लिहायला बसलो. आपल्या भागात कितीतरी घरी टिनाच्या शेडखाली एखादी फियाट, एखादी जीप ताडपत्री पांघरून उभी असते. त्यांच्या कामी पडलं तर पाहा.

गाडी बाबांची. बाबा डॉक्टर, आजूबाजूच्या खेड्यांत व्हिजिटला जायचे. तेव्हा फियाट घ्यायची म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. त्यांनी नंबर लावला तेव्हा गाडीचं नाव वेगळं होतं, हाती आली तोवर ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली होती. हे नाव १९७४ पासूनचं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगला. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी बाबा नोंदणी वाढवून घेत. २००५ ला मुदत संपली आणि मग ती कोणी वाढवलीच नाही. पुढं बाबा गेले, गाडी त्यांच्याच नावावर राहिली.

इंजिन, ब्रेक, वायरिंग यांचं काही सांगत नाही. ते झालं, आणि क्लबमुळं झालं. क्लब म्हणजे जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचा, पण मुंबईच्या रॅलीत दिसतो तसा टायवाल्यांचा नाही. एक जिनिंगवाला, दोन निवृत्त मास्तर, एक कृषी केंद्रवाला, वेल्डिंगच्या दुकानाचा मालक, अशी माणसं. कोणाची विलीज जीप, कोणाची ॲम्बेसेडर, बाकी आमच्यासारखे फियाटवाले. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला कायमच्या बंद झाल्या, तेव्हा यातल्या एकानं कुर्ल्याला जाऊन सुटे भाग पोत्यात भरून आणले होते. त्या पोत्यातून माझ्या गाडीला स्टब ॲक्सल आणि दाराचे हँडल मिळाले. पैसे घेतले, पण दुकानदारासारखे नाही घेतले.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, नाहीतर विसरीन. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येते. जुन्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी आणि फ्युएल पंपाचा पडदा त्यानं फुगतो, मऊ पडतो, मग पेट्रोल गळून गरम इंजिनावर पडते. गाडी सुरू करायच्या आधी नळ्या आणि पडदा इथेनॉल सहन करणारे टाका. गाडी दोनतीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. क्लबात एकाच्या ॲम्बेसेडरचं बोनेट याच कारणानं काळं झालं आहे.

आता कागद.

तिघं भाऊ-बहीण, वारसांचं ना-हरकत ॲफिडेव्हिट, बाबांचा मृत्यू दाखला, मूळ आरसी बुक, सगळं घेऊन मी जिल्ह्याच्या आरटीओत गेलो. मालक वारला तर नाव बदलायला फॉर्म ३१ लागतो, मुदत वाढवायला फॉर्म २५. दोन्ही भरून नेले होते. खिडकीवरच्या मुलानं गाडीचा नंबर टाकला, पुन्हा टाकला, आणि म्हणाला, ‘तुमची गाडीच कम्प्युटरात नाही जी.’

गाडी बाहेर टोचनवर उभी, हातात बुक, बुकावर त्याच खात्याचे शिक्के. तरी गाडी नाही.

झालं असं की जुना तीन अक्षरांचा नंबर असलेल्या गाड्या जाड रजिस्टरात होत्या. पुढं रेकॉर्ड कम्प्युटरवर चढवलं तेव्हा ज्यांचं काम पडलं त्या गाड्या चढल्या, ज्या उभ्या होत्या त्या राहून गेल्या. अशा गाडीची आधी ‘बॅकलॉग एंट्री’ करावी लागते, म्हणजे जुनी नोंद कम्प्युटरवर चढवावी लागते. नाव बदलणारी खिडकी म्हणते आधी एंट्री आणा. मुदत वाढवणारी खिडकी म्हणते आधी नाव बदला, मेलेल्या माणसाच्या नावावर मुदत कशी वाढवणार? आणि एंट्रीवाले साहेब म्हणतात, मूळ रजिस्टरच्या पानाचा साक्षांकित उतारा आणा, नुसत्या बुकावर भागत नाही. बुकात चेसिस नंबराचा, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेल्या नंबराचा, एक अंक शाईनं पसरला होता. एक की सात, कोणीच सांगू शकत नव्हतं.

रजिस्टर कुठं? विदर्भात जिल्हे फुटले, हे लक्षात ठेवा. चंद्रपुरातून गडचिरोली १९८२ ला निघाला, अकोल्यातून वाशीम १९९८ ला, भंडाऱ्यातून गोंदिया १९९९ ला. आमचाही यातलाच एक. कोणता ते सांगत नाही, त्याच ऑफिसात पाच वर्षांनी पुन्हा जायचं आहे. गाडीची नोंद झाली जुन्या जिल्ह्यात, गाव गेलं नव्यात. नव्या ऑफिसनं सांगितलं, रजिस्टर जुन्याकडेच. जुन्या ऑफिसनं सांगितलं, फुटलं तेव्हाच तुमच्याकडे पाठवलं. मी म्हटलं, लिहून द्या. कोणी लिहून देईना. ‘साहेब मीटिंगला गेले’, ‘बुधवारी या’, ‘त्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, चाबी त्यांच्याकडे’. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, ऑफिसातला कूलर पाण्याविना नुसती गरम हवा फेकत होता. एसटीनं जायचं, टपरीवर पोहे खायचे, परत यायचं. फाटकाबाहेरचा एजंट रोज तोंडाकडे पाहून हसे. त्याचा दर होता, आणि तो दर देऊनही रजिस्टर मिळेलच याची हमी तो देत नव्हता. निदान तेवढा तरी प्रामाणिक.

याच दिवसांत एका बाबूनं सल्ला दिला की गाडी पन्नास वर्षांची झाली, व्हिंटेज करून टाका, भानगडच मिटते. ऐकायला गोड. मी क्लबात विचारलं तर जिनिंगवाले भाऊ हातच जोडायला लागले. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर. आणि रेकॉर्ड सापडल्याशिवाय तेही होत नाही, म्हणजे भानगड आहे तिथंच. आमच्या गाडीला बाजाराच्या दिवशी तालुक्याला जायचं आहे, बहिणीला आणायला स्टेशनवर जायचं आहे. प्रदर्शनात मिरवायची असेल त्यानं खुशाल व्हिंटेज करावी. मला ते मिरवणं नको होतं.

अडलेली गाठ सुटली ती मास्तरांमुळं. मास्तर म्हणजे आमच्या क्लबातले जीपवाले. त्यांच्या जीपचं रेकॉर्ड असंच दोन जिल्ह्यांच्या मधे हरवलं होतं. मी रडगाणं गात होतो, ते बोल्ट साफ करत ऐकत होते. मग म्हणाले, ‘तू रजिस्टर कुठी हाय ते कायले इचारून राह्यला? कोनत्या तारखेले, कोनत्या पत्रानं पाठोलं, ते इचार. अन् तोंडानं नको इचारू.’

मग त्यांनी स्वतःच्या फाईलमधला अर्ज काढून दिला, तो मी जसाच्या तसा उतरवला. माहिती अधिकाराचा साधा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. रजिस्टर शोधून द्या असं त्यात कुठंच नाही. मागायचं ते एवढंच: जिल्हा विभाजनाच्या वेळी पाठवलेल्या नोंदणी रजिस्टरांच्या हस्तांतरण यादीची प्रत, त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख, आणि आपल्याकडे असलेल्या जुन्या रजिस्टरांची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी. अर्ज दोन्ही ऑफिसांत द्यायचा. माहिती दुसऱ्याकडे असेल तर कलम ६(३) खाली अर्ज पाच दिवसांत तिकडं पाठवावा लागतो, आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. त्यामुळं ‘आमच्याकडे नाही’ एवढं म्हणून कोणाला हात झटकता येत नाहीत.

यादी आली! टंकलेखन केलेली, फिकट, पण जावक क्रमांकासकट. आमच्या अक्षरांची रजिस्टरं त्यात नव्हतीच, म्हणजे ती जुन्या ऑफिसातून हललीच नव्हती. ती यादी समोर ठेवल्यावर जुन्या ऑफिसातले आवाज खाली आले. पाहणीचा दिवस मिळाला. मास्तर सोबत आले, स्वतःचा टॉर्च घेऊन. रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडातले बस्ते छतापर्यंत, वाळवीनं काही कडा खाल्लेल्या. शिपाई भला माणूस निघाला, त्यानंच शिडी लावली. पान सापडलं. अंक सात होता.

मला तिथं ओरडावंसं वाटलं. मास्तर म्हणाले, ‘आधी उताऱ्यावर सही-शिक्का घे, मग नाच.’

तरी एक फाटा उरला होताच. एंट्रीआधी निरीक्षकानं गाडी पाहायची असते. निरीक्षक तरुण, त्यानं चेसिस नंबर शोधला तो आताच्या गाड्यांत असतो तिथं. आमच्या गाडीत तो बोनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला, वरून बाबांच्या काळातल्या रंगाचे थर. वेल्डिंगवाल्या भाऊनं थिनरची बाटली आणि फडकं आणलं होतं. हळूहळू अंक वर आले, मग कागद ठेवून पेन्सिलीनं ठसा घेतला. पेन्सिल मऊ न्या, शाळेतल्या कडक पेन्सिलीनं ठसा उठत नाही. सोबत क्लबनं त्यांच्या लेटरहेडवर एक पत्र दिलं होतं: याच वर्षातल्या इतर पद्मिनींचे फोटो, प्रत्येकीचा नंबर कुठं ठोकला आहे ते दाखवणारे, इंजिन मूळचंच आहे असं निरीक्षण. आपल्याकडे कायद्यानं या पत्राला काही किंमत नाही. पण निरीक्षकाला फाईलला जोडायला काहीतरी मिळालं आणि त्याच्या पेनाला धीर आला.

ब्रिटनमध्ये असं पत्र खात्यालाच लागते. तिकडंही रेकॉर्ड कम्प्युटरवर नेताना १९८३ पर्यंत ज्या गाड्या चढल्या नाहीत त्यांचे नंबर सुटले. मग तिथल्या वाहन खात्यानं ‘व्ही ७६५’ नावाचा फॉर्म काढला: मान्यताप्राप्त ओनर्स क्लबनं शिफारस केली तर कागदोपत्री पुराव्यावर जुना नंबर परत मिळू शकतो. म्हणजे दुखणं तेच, पण तिकडं क्लबच्या सहीला वजन. इथं आमच्या क्लबाची सही म्हणजे सौजन्य. हे ऐकलं तेव्हा मला खरंच राग आला. गाडीतलं सगळं ज्यांना कळते त्यांना विचारायचं नाही, आणि ज्यानं पद्मिनी फोटोतच पाहिली त्यानं ठरवायचं.

एंट्री झाल्यावर बाकीचं भराभर झालं. नाव बदललं, मुदत पाच वर्षांनी वाढली. खर्च मात्र आता मोठा आहे. वीस वर्षांवरच्या कारला मुदत वाढवायची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे, आधी ५,००० होती. पर्यावरण कर वेगळा, उशिराचा दंड महिन्याला ५०० रुपयांच्या हिशेबानं वेगळा. माझा एकूण आकडा इथं लिहीत नाही, घरी हे वाचलं जाणार आहे.

पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, घाबरू नका. आपल्या काळातल्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. प्लग, पॉइंट आणि कार्बोरेटर नीट असेल तर गाडी त्यात बसते. मोजायच्या आधी इंजिन चांगलं गरम करून न्या.

आणि एंट्री होते तेव्हा तिथंच उभे राहा, स्क्रीनवरचा एक एक अंक मोठ्यानं वाचून घ्या. एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबर पाटी, बुक करताना चेसिस आणि इंजिनचे शेवटचे अंक सरकारी रेकॉर्डशी जुळवले जातात. एक अंक चुकला की पाटी नाही, आणि दुरुस्तीला पुन्हा त्याच खिडक्या. माझ्या एंट्रीत सातचा एक झालाच होता. मी तिथंच दाखवला, तिथंच बदलवून घेतला. त्या मुलाला माझा राग आला असेल, येऊ द्या.

क्लबातल्या कृषी केंद्रवाल्यांच्या ॲम्बेसेडरची नोंदही त्याच जुन्या ऑफिसातली, तीसुद्धा कम्प्युटरात नाही. त्यांना अर्जाची प्रत दिली आहे, यादीचा जावक क्रमांक दिला आहे, आणि बस्ता कोणत्या कपाटात, वरून कितव्या फळीवर आहे तेही सांगितलं आहे. शिडीसाठी शिपायालाच विचारा म्हटलं, बाबूला नको.